औषधाच्या दुकानातला आवाज

वडील, म्हणजे अण्णा, गेल्यावर सुहासनं बसवनगुडीतलं त्यांचं जुनं औषधांचं दुकान विकलं नाही. काचेच्या बरण्या, खल, तराजू, सगळं जागच्या जागी ठेवून त्यानं तिथं छोटंसं संग्रहालय केलं. एका कॅसेटवर अण्णांचा आवाज सापडला, तोही त्यानं स्पीकरवर लावला. काउंटरसमोर कुणी उभं राहिलं, की अण्णा विचारायचे, "या अक्का, बसा. कुठं दुखतंय? स्वल्प सावकाश सांगा."

बघायला येणाऱ्यांना गंमत वाटायची. पण सुहासची आई रोज दुकान उघडलं की माडीवरून खाली यायची, बाकावर बसायची आणि अण्णांच्या रिकाम्या खुर्चीशी हळू आवाजात बोलत राहायची. गुडघ्यांबद्दल, न येणाऱ्या झोपेबद्दल. एकदा तर ती सुहासच्या आधी जन्मून गेलेल्या मुलीबद्दल बोलत होती. अशी मुलगी होती, हे सुहासला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आईच्या मनावर परिणाम होतोय, असं वाटून त्यानं स्पीकर बंद केला. दुसऱ्या दिवशीही आई येऊन बाकावर बसली. बराच वेळ वाट बघत राहिली.

तो तिच्या शेजारी बसला. "आई, अण्णा नाहीत गं आता. तो नुसता कॅसेटवरचा आवाज होता."

"ठाऊक आहे रे मला. तरी लाव."

"पण कशाला?"

 

"साऱ्या गावाला विचारायचे रे ते. मला जिवंतपणी एकदाही नाही विचारलं."