रुमालासारखा लॅपटॉप

"आजोबा, इथेच बसा ना," म्हणत नातीने हात धरून ओढलं म्हणून आजोबा सोफ्यावर टेकले, आणि चादरीखालून 'कट्' असा आवाज आला. त्यांनी हळूच चाचपलं, तर चिरंजीवांचा नवाकोरा, वहीसारखा पातळ लॅपटॉप! आजोबा जागचे हलले नाहीत. बसण्याआधी जागा बघावी, हे याच चिरंजीवांना त्यांनी शंभरदा शिकवलं होतं.

आत कपाटांची उलथापालथ चालली होती. "बाबा, माझा लॅपटॉप दिसला का हो? ऑफिसला उशीर होतोय."

"दिसत तर नाही रे कुठे," आजोबा म्हणाले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मग ते नातीकडे झुकले. "काय गं, पुढे हे लॅपटॉप आणखी पातळ होणार म्हणे?"

"हो तर! रुमालासारखे. घडी घालून खिशात ठेवायचे."

"आणि वर कोणी बसलं तर?"

"काही होणार नाही. चीर पडली तरी आपोआप भरून येणार, खरचटलेल्या गुडघ्यासारखी."

"कधी येणार असले लॅपटॉप?"

"मी मोठी झाल्यावर."

"मग तोवर मी काही इथून उठत नाही बाई."

नातीला त्यांची दया आली. ती त्यांच्या कानाशी लागली. "घाबरू नका आजोबा. तो सकाळीच मोडलाय, मी सोफ्यावर उडी मारली तेव्हा. तुम्हाला फक्त बसवलं, कारण तुम्हाला बाबा ओरडत नाहीत ना!"