एकमताचे सभागृह

महासंमेलन केंद्राच्या सभागृहाला दारे नव्हती. उपस्थितांचे मनापासून एकमत झाले, की भिंतच वाट देई. स्थापत्यशास्त्राने लोकशाहीला केलेला हा आहेर! विद्यापीठातली मोडी हस्तलिखिते मोडीत काढण्याचा ठराव होता. ती आयुष्यभर जपणाऱ्या हेमांगी बापटांनीही अखेर हात वर केला. भिंत ढिम्म हलेना.

“बाई, नुसता हात नको, मनापासून करा,” शेजारचे प्राध्यापक हिंगमिरे घाम पुसत कण्हले. “माझी साखर उतरतेय हो!”

ते खुर्चीतच कलंडले. हेमांगीबाईंनी डोळे मिटले. कागदच ते, जळोत.

भिंत अदबीने दुभंगली. हिंगमिरेंना उचलून सगळे बाहेर धावले. बाई मात्र बसूनच राहिल्या. खोटे बोलून सुटू, असे त्यांना वाटले होते. पण खोट्याला ही भिंत उघडत नसे.