राखीव खेळाडू

चिपळूणकडच्या एका शाळेचा मुलींचा नेटबॉल संघ सामने खेळायला कोलंबोला गेला. सोबत संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब संघप्रमुख म्हणून गेले, त्यांच्या सौ. आहारप्रमुख म्हणून आणि मेहुणे छायाचित्रकार म्हणून. मेहुण्यांनी समुद्राचे फोटो काढले. सौभाग्यवतींनी आहार घेतला.

शेवटच्या सामन्यात, एका गोलची आघाडी असताना दीप्तीचा पाय मुरगळला. मुलींनी तिला उचलून बाहेर बसवलं. सामना थांबला, तसे बापूसाहेब शहाळं बाजूला ठेवून मैदानाच्या कडेला आले.

"बघत काय राहिलात? दुसरी मुलगी उतरवा! संस्थेच्या इज्जतीचा प्रश्न आहे!"

खेळाच्या बाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्यांनी खाली बुटांकडे पाहिलं.

"कोणाला उतरवू, सर?" कप्तान निशिगंधाने विचारलं.

"म्हणजे काय? राखीव मुली असतात ना!"

"गप गो, निशिगंधा," बाई पुटपुटल्या.

निशिगंधा गप्प बसली नाही. तिने दीप्तीच्या अंगातलं, खेळाडूची जागा दाखवणारं अक्षर छापलेलं जाकीट काढलं, झटकलं आणि बापूसाहेबांपुढे धरलं.

"राखीव तिघी घरी आहेत, सर. त्यांच्या तिकिटांवर तुम्ही तिघं आलात. लवकर ठरवा, पंच थांबलेत. तुमच्यातलं कोण उतरतंय?"