सूचीतला तेरावा ग्रंथ

सन छत्तीसची गोष्ट. अमरावतीचे उद्धव मास्तर आपला प्रबंध नागपूरला पाठवण्याआधी अकोल्याच्या त्र्यंबकपंतांना दाखवायला आले. मागे चाळीस संदर्भग्रंथांची यादी होती. मास्तरांनी वाचले होते जेमतेम दहा. बाकीची नावं जुन्या पुस्तकांच्या मागच्या जाहिरातींवरून उतरवली होती.

पंतांचं बोट तेराव्या नावावर थांबलं. ग्रंथ त्यांचाच होता.

"हा वाचला तुमी?"

"दोनदा वाचला," मास्तर छातीठोक म्हणाले. "इतकं खोलात कोणी गेलं नाही, पंत."

पंत बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग मास्तरांची नजर चुकवत हळूच म्हणाले,



"जाहिरात छापून पंधरा वर्सं झाली, बापू. लिहिणं काही मले जमलं नाही."