बर्वे सरांचे इडियम्स

बर्वे सरांनी सत्काराची शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली, माइक हातात घेतला आणि हॉलभर नजर फिरवली. तेवढ्यानंच रामवाडीच्या त्या मंगल कार्यालयात जमलेली, तिशी ओलांडलेली सगळी पोरं सावरून बसली.

"पीस ऑफ केक?" सरांनी विचारलं.

"हातचा मळ!" सगळे ओरडले, आणि एकच हशा उसळला.

दहावी सुटून एवढी वर्षं झाली, पण सरांचे इडियम्स कुणाच्या तोंडातून गेले नव्हते. सरांनी इंग्रजी शिकवलं नव्हतं, घोटवलं होतं. त्यांनी विचारायचं, वर्गानं एका सुरात अर्थ सांगायचा. ज्याचं तोंड हललं नाही त्याच्या हातावर पट्टी.

संध्याही हसत होती, पण तिचा हात शेजारी बसलेल्या करिश्माच्या हातावर होता. करिश्माला इथवर आणताना तिच्या नाकी नऊ आले होते. रोह्याच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करून जवळच्याच वरसे गावात खोली घेऊन राहणारी ही मैत्रीण कुठल्याच कार्यक्रमाला यायची नाही. म्हणून संध्या पेणहून मुद्दाम तिच्या घरी जाऊन बसली होती.

"मी नाय येत गो," करिश्मा म्हणाली होती. "सर पुन्हा ते मेंढीचं काढतील. माझी पोर आता पहिलीत हाय. तिच्यासमोर नको."

मेंढीचं म्हणजे ब्लॅक शीप. सरांची एक युक्ती होती. काही इडियम्सना ते वर्गातलं एकेक पोर चिकटवून द्यायचे, म्हणजे अर्थ डोक्यातून जात नाही. कळपाला बट्टा लावणारी म्हणून करिश्मा. दिवाळी झाली की ती आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची ती थेट परीक्षेला उगवायची, आणि वर्गाची हजेरी पडायची. सरांच्या मनात काही वाकडं नव्हतं म्हणे. पण कातकरवाडीतून त्या वर्गात आलेली ती एकटीच होती, आणि मेंढीचा रंग सांगताना पोरं कुणाकडे बघून हसायची, हे सरांना दिसत नसेल तर त्यांचा चष्मा काय कामाचा?

"कुणाच्या लक्षात असणार आहे ते!" संध्या म्हणाली होती. "आणि काढलंच कुणी, तर मी उभी राहून त्याचं तोंड बंद करीन. माझा शब्द."

त्या शब्दावर करिश्मा आली होती. लेकीला, प्रांजलला, नवा फ्रॉक घालून.

"क्रोकोडाइल टिअर्स?"

"नक्राश्रू!"

"वन्स इन अ ब्लू मून?"

"सठीसामाशी!"

आवाज चढत गेला. पानं मांडायची सोडून वाढपी दारात येऊन उभे राहिले. सरांना तर चेव आला होता.

"अर्ली बर्ड?"

"मितेश!" टक्कल पडलेल्या मितेशनं उठून सलाम ठोकला.

"बुकवर्म?"

"संध्या!"

सगळ्या हॉलभर आपलं नाव घुमलेलं ऐकून संध्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. करिश्माच्या हातावरचा हात काढून तिनं दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या.

"ब्लॅक शीप?"

"करिश्मा!"

एका सुरात, खणखणीत. आणि मग संध्याला कळलं की आपलं तोंड उघडं आहे. ते नाव तिच्याही तोंडून गेलं होतं. तिनं ओठांवर हात दाबला, पण आता दाबून काय उपयोग होता? ही मी ओरडले? मी?

कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच गप्प झालं. मितेश मान खाली घालून बसला. पुढच्या रांगेतल्या मृणालीला एकाएकी पर्समधलं काहीतरी शोधायची घाई झाली. एवढी सगळी माणसं, पण करिश्माकडे बघायची एकाचीही छाती झाली नाही.

सरांना यातलं काहीच कळलं नाही. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "शाब्बास! अजून पाठ आहे की रे तुमचं! कुठे आहे ती? आली आहे का, की नेहमीसारखी गैरहजर?"

आता उठायला हवं होतं. शब्द दिला होता. संध्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला, पण ती उठली नाही. उठून बोलायचं तरी काय, आणि कुठल्या तोंडानं?

तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीवर प्रांजल उभी राहिली. एवढ्या मोठ्या माणसांनी एकदम आपल्या आईचं नाव घेतलं, याचा तिला कोण आनंद झाला होता. तिनं हात उंच केला.

"सर, आलीय! ही बघा, इथं हाय माझी आई!"

करिश्मानं तिला अलगद खाली घेतलं, मांडीवर बसवलं, फ्रॉक नीट केला.

"करिश्मा," संध्या तिच्याकडे वळून म्हणाली. "अगं, सगळ्यांबरोबर... चुकून... मला कळलंच नाही गं."

करिश्मानं तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता, त्यानंच संध्याला जास्त भीती वाटली.

"सगळ्यांबरोबर नाय गो," ती म्हणाली. "मी शेजारीच बसलीय ना. सगळ्यांच्या आधी तुझाच आवाज आला."