तांब्याची काजळी
नव्या धरणाचं पाणी बाटलीत भरून सरकारी डाक्टर हैदराबादला निघाले. निकाल येईस्तोवर पाणी उकळूनच प्या, असं बजावून गेले. रोज सरपण जाळणं सोजराच्या सासूच्या जिवावर आलं. तिनं विधवा सुनेपुढं धरणाच्या कच्च्या पाण्याचा तांब्या ठेवला. "तीन दिस तू पी. तुला काई झालं न्हाई, तर आमी पिऊ. तुझ्यामागं रडायला कोण हाय?" तीन दिवस सोजरा प्यायली. गोठ्यामागं तुराट्या पेटवून, त्याच तांब्यात उकळून, बुडाची काजळी बोटांनी पुसून प्यायली. तिसऱ्या सांजेला पाणवठ्यावर तिला कळलं, तेच पाणी न उकळता पिऊन वरच्या वस्तीतली दोघं हगवणीनं गेली. चौथ्या सकाळी सासूनं तिची जीभ बघितली. "धरणाचंच पिलीस न्हवं?" "व्हय अत्याबाई, धरणाचंच." सासूनं घागरीतून तांब्या भरून घटाघटा रिकामा केला. "गोड हाय." सोजरानं काळी बोटं पदराआड घेतली. "अजून देऊ?"