माळावरची तालीम

"साहेब, भोंगा वाजला की ज्या माळावर जमायचं, तो माळच आता रसायनांच्या कारखान्याला गेलाय," सरपंच म्हणून मी सांगून सांगून थकले. तहसीलचे शिंगटे साहेब ऐकतील तर शपथ! "आपत्तीच्या आराखड्यात माळच मंजूर आहे, बाई. तालीम तिथंच होणार."

एकाच अधिवेशनात दोन कायदे झाले होते. एकानं गावाला वायुगळतीची तालीम सक्तीची केली, दुसऱ्यानं रोजगाराच्या नावाखाली मोकळ्या जमिनी कारखान्यांना देऊन टाकल्या.

भोंगा वाजला. ओले पदर, ओले रुमाल नाकाला लावून गाव माळाकडं धावलं. सासूबाईंना माझ्या दिरांनी खुर्चीसकट उचललं होतं. कारखान्याच्या कुंपणाशी आम्ही धापा टाकत थांबलो. आत निळ्या पिंपांची रास होती.

तेवढ्यात फाटक उघडलं आणि कामगारांचा लोंढा बाहेर आला. रखवालदार आमच्यावरच खेकसला, "वाट सोडा! भोंगा वाजला की आमच्या माणसांनी गावात जाऊन थांबायचं असतं."

साहेबांनी खुशीत दोन्ही तालमी यशस्वी झाल्याचं जाहीर केलं.

खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग आपण घरीच काय वाईट होतो?"